एकच गोळी खाली उतरलेला कुत्रा: ऑपरेशन करायचं का, कधी करायचं, आणि किती घाबरायचं?

ज्यांना एसटीच्या आवाजात, शेतात किंवा रेंजच्या कृपेने हा भाग पूर्ण ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "तर मग" तेवढे कमी केलेत.

आजचा विषय असा की लोक तो विचारताना आधी दोनदा हसतात, मग आवाज बारीक करतात. कुत्र्याच्या नर पिल्लाची एक गोळी, किंवा दोन्ही गोळ्या, खाली पिशवीत उतरल्याच नाहीत तर काय करायचं? पुस्तकात तिला वृषण म्हणतात, गावात गोळी म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरणार आहे. लाजायचं काही कारण नाही, प्रश्न कुत्र्याच्या जिवाचा आहे.

मी रोहिणखेडचा. मोताळा तालुका, बुलढाणा जिल्हा. इतिहास वाचणाऱ्यांना आमचं गाव जुन्या लढायांमुळे माहीत असतं. आम्हाला ते कापूस, मका, सोयाबीन आणि रात्री पिकात घुसणाऱ्या रानडुकरांमुळे माहीत आहे. त्यामुळे शेत तिथे कुत्रा, हे ठरलेलं. पूर्वी सगळे गावठीच असायचे. आता मात्र व्हॉट्सअॅपवर फोटो बघून लॅब येतो, जर्मन शेफर्ड येतो, पॉम येतो. आणि त्यांच्याबरोबर हा प्रश्नही येतो:

"दादा, पिल्लू आठ महिन्यांचं झालं. खाली एकच गोळी आहे. ज्याच्याकडून घेतलं तो म्हणतो, उतरेल हळूहळू. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून काढा. घरचे म्हणतात, कायले कापता बिचाऱ्याले, त्याले काही दुखते का? आता ऐकू कोणाचं?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. डॉक्टरांचं ऐका. न उतरलेली गोळी पोटात ठेवू नये. पण हे आज रात्री धावत-पळत करायचं काम नाही. नीट तपासून, योग्य वयात, एकदाच आणि पूर्ण करायचं काम आहे. आता यातला एकेक शब्द सोडवून बघू.

गोळी खाली येते तरी कशी?

पिल्लू आईच्या पोटात असतं तेव्हा त्याची वृषणं खाली नसतातच. ती तयार होतात वर, मूत्रपिंडांच्या जवळ. तिथून त्यांचा प्रवास सुरू होतो. वृषणाला खालून एक मऊ दोरासारखा भाग जोडलेला असतो. तो आधी फुगतो, मग आखडतो, आणि त्या ओढीने वृषण पोटातून जांघेतल्या एका अरुंद वाटेने बाहेर पडून पिशवीत येऊन बसतं. विहिरीत पोहरा सोडतो ना, तसं समजा. फरक इतकाच की इथे दोर वरून नाही, खालून ओढतो. हा सगळा कारभार वृषणातूनच निघणाऱ्या हार्मोनवर चालतो.

कुत्र्यात हा प्रवास जन्मानंतर साधारण दहा दिवसांत पूर्ण होतो. पण तेव्हा गोळ्या इतक्या बारीक असतात की हाताला नीट लागत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लात त्या लागायला हव्यात. काही पिल्लांत थोडा उशीर होतो, म्हणून डॉक्टर वाट बघतात. पण सहा महिन्यांपर्यंत जांघेतली ती वाट आवळून गेलेली असते. त्यानंतर "उतरेल हळूहळू" या बोलण्याला काही अर्थ उरत नाही.

वाटेत अडकलेली गोळी दोन ठिकाणी सापडते. एक, जांघेत कातडीखाली. दुसरी, थेट पोटात. एकच बाजू अडकणं जास्त दिसतं, दोन्ही बाजू अडकणं कमी. आणि डाव्यापेक्षा उजवी बाजू अडकायचं प्रमाण जास्त. वेगवेगळ्या पाहण्यांत शंभर नर पिल्लांमागे साधारण एक ते दहा पिल्लांत हा प्रकार सापडलाय. म्हणजे फार दुर्मिळ नाही. लहान जातींत, जसं पॉम, टॉय पूडल, यॉर्की, चिहुआहुआ, धोका जास्त. पण जर्मन शेफर्ड आणि बॉक्सरसारख्या मोठ्या जातींतही हे दिसतं. गावठी कुत्र्यातही होऊ शकतं, फक्त तिथे बघायला कोणी जात नाही.

घरी कसं बघायचं?

पिल्लू शांत असताना, पोट भरलेलं असताना, उबेत असताना बघा. थंडी वाजली किंवा पिल्लू घाबरलं की गोळ्या वर ओढल्या जातात आणि उगाच आपल्या पोटात गोळा येतो. त्याला उभं करा किंवा पाठीवर झोपवा, एका हाताने गोंजारत राहा, दुसऱ्या हाताने पिशवी अलगद चाचपा. दोन गुळगुळीत, सारख्या आकाराच्या गोळ्या लागल्या पाहिजेत. दाबायचं नाही, ओढायचं तर अजिबात नाही.

एक सावधगिरी. जांघेत चरबीचा गोळा किंवा लसिका गाठ हाताला लागते आणि आपल्याला वाटतं, सापडली! म्हणून पक्कं निदान डॉक्टरांकडूनच. गरज पडली तर सोनोग्राफी करून पोटातली गोळी शोधतात.

पिल्लू विकत घेतानाच हे बघायची सवय लावा. आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे केंद्राचे नियम आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही. आणि आठ आठवडे म्हणजे नेमकं तेच वय, जेव्हा गोळ्या हाताला लागायला हव्यात. त्यामुळे दात बघता, डोळे बघता, तसं तेही बघा. नसतील तर पिल्लू वाईट असं नाही. पण पुढे एक ऑपरेशन आहे, हे माहीत असून घ्या, आणि विकणाऱ्यालाही तसं सांगा.

कॅन्सरचं काय? किती खरं, किती भीती?

आता मुद्द्यावर येऊ. पिशवी पोटाच्या बाहेर का लटकते? कारण वृषणाला शरीरापेक्षा थोडं थंड तापमान लागतं. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस. पिशवी त्याहून काही अंश थंड असते. गोळी पोटात अडकली की ती आयुष्यभर त्या उबेत राहते. तिच्यात शुक्राणू नीट तयार होत नाहीत आणि पेशींचं गणित बिघडायची शक्यता वाढते.

किती वाढते? १९७६ साली हेज आणि पेंडरग्रास या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांतल्या नोंदी तपासल्या. त्यांना वृषण न उतरलेल्या कुत्र्यांत वृषणाच्या गाठीचा धोका इतरांच्या १३.६ पट आढळला. हाच आकडा आजही इंटरनेटवर "तेरा पट, चौदा पट" म्हणून फिरतो.

इथे थांबा. "तेरा पट" ऐकलं की वाटतं, आपल्या कुत्र्याला कॅन्सर झालाच. तसं नाही. पट म्हणजे मुळात जो धोका आहे, त्याच्या किती पट. समजा, फक्त समजायला, एखाद्या वयात हजारात एका कुत्र्याला गाठ होत असेल, तर तेरा पट म्हणजे हजारात तेरा. उरलेल्या ९८७ जणांना त्या वयात काहीच झालेलं नसतं. पण कुत्रा जसा म्हातारा होतो तसा मूळ धोकाच वाढत जातो. आणि न उतरलेल्या वृषणात गाठ तुलनेने कमी वयात येते. त्यामुळे हिशोब असा: तरुणपणी धोका लहान, पुढे मोठा. ही गोष्ट लक्षात ठेवा, वयाच्या मुद्द्यावर पुन्हा लागेल.

दुसरी गोष्ट, या सगळ्याच गाठी अंगभर पसरतात असं नाही. बहुतेक पसरत नाहीत. मग एवढी काळजी का? दोन कारणं. पहिलं, पिशवीतली गोळी सुजली तर आंघोळ घालताना हाताला लागते. पोटातली गोळी लिंबाएवढी झाली तरी कोणाला दिसत नाही. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. न उतरलेल्या वृषणात होणारी एक खास गाठ, तिला सर्टोली पेशींची गाठ म्हणतात, ती अनेकदा इस्ट्रोजेन बनवते. इस्ट्रोजेन म्हणजे मादीचं हार्मोन. नराच्या अंगात ते वाढलं की काय होतं, ते बघा.

दोन्ही कुशींचे केस सारख्याच प्रमाणात गळायला लागतात. स्तनाग्रं मोठी होतात. लिंगाचं आवरण लोंबतं. दुसरे नर त्याच्या मागे लागतात, जणू तो मादीच आहे. आणि सगळ्यात वाईट, हाडातल्या मगजावर परिणाम होतो. मगज म्हणजे रक्त तयार करायचा कारखाना. तो बंद पडला की हिरड्या पांढऱ्या पडतात, कातडीवर लाल-जांभळे ठिपके येतात, छोटी जखमही वाहत राहते. गाठ पसरलेली नसली तरी कुत्रा यातच जाऊ शकतो.

आमच्या गावात एका काकांचा पॉम होता. नऊ-दहा वर्षांचा. एकच गोळी, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यावर विनोदही व्हायचे. एका वर्षी त्याचे केस गळायला लागले. लोक म्हणाले, खरूज. करंजीचं तेल झालं, गंधक झालं, औषधी साबण झाला. केस काही आले नाहीत. नंतर गल्लीतले कुत्रे त्याच्यावर चढायला लागले, पोरं टाळ्या पिटून हसायची. त्याला खाज मात्र नव्हती, आणि खरूज असून खाज नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तो जेवायचा थांबला तेव्हा काका त्याला शहरात घेऊन गेले. सोनोग्राफीत पोटात गाठ दिसली. पण तोवर रक्त इतकं पातळ झालं होतं, प्लेटलेट इतक्या खाली गेल्या होत्या, की ऑपरेशनचं टेबलसुद्धा धोक्याचं होतं. आठवड्यात गेला. काकांनी प्रेमात काही कमी केलं नव्हतं. एक गोळी नाही म्हणजे ती कुठेतरी आहे, एवढं एकच वाक्य त्यांना दहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून ते वाक्य मी इथे ठळकपणे सांगतो. एक गोळी दिसत नाही म्हणजे ती नाही, असं नसतं. ती आत आहे. जन्मतः गोळीच तयार न होणं हे फार दुर्मिळ.

अजून एक धोका. पोटातली गोळी मोकळी असते, ती स्वतःभोवती पिळली जाऊ शकते. गाठ होऊन जड झालेली गोळी तर जास्तच. मग अचानक पोटात भयंकर दुखणं, उलट्या, ताठरलेलं पोट. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

दोन्ही वृषणं काढतात. उतरलेलंही आणि न उतरलेलंही. जांघेत असेल तर जांघेत छेद, पोटात असेल तर पोट उघडून. मोठ्या शहरांत काही ठिकाणी दुर्बिणीनेही करतात. साध्या निर्बीजीकरणापेक्षा हे काम थोडं मोठं, म्हणून खर्चही जास्त. टाके साधारण दहा ते चौदा दिवस. तोवर गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर, चाटणं बंद, उड्या बंद, शेतातल्या चिखलात लोळणं बंद.

आता तीन प्रश्न नेहमी येतात.

पहिला: "लहान बाळाची गोळी डॉक्टर खाली आणून शिवतात, मग कुत्र्याची का नाही?" चांगला प्रश्न. बाळामध्ये ते ऑपरेशन साधारण सहा ते अठरा महिन्यांत करतात, कारण पुढे त्याला मूल व्हावं आणि गोळी तपासता यावी. कुत्र्यात तसं करणं म्हणजे आनुवंशिक दोष झाकणं. बाहेरून कुत्रा चांगला दिसणार, पैदाशीला वापरला जाणार आणि दोष पुढच्या पिल्लांत जाणार. म्हणून पशुवैद्यक ते करत नाहीत.

दुसरा: "इंजेक्शन देऊन उतरत नाही का?" हार्मोनची इंजेक्शनं देऊन बघितली जातात, पण खात्रीचा परिणाम नाही. मालिश करून तर मुळीच उतरत नाही.

तिसरा: "नुसती नसबंदी केली तर?" नसबंदी शब्द आपण सैल वापरतो. खरी नसबंदी म्हणजे शुक्राणूंची नळी कापणं, गोळी जागेवरच राहते. आपला प्रश्न तर गोळीचाच आहे. त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना "दोन्ही वृषणं काढायची" असंच स्पष्ट बोला.

आणि सगळ्यात मोठी चूक: दिसणारी गोळी काढायची आणि लपलेली आत ठेवायची. यात कुत्रा बाहेरून खच्ची दिसतो. पण आतली गोळी टेस्टोस्टेरॉन बनवत राहते, त्यामुळे मादीमागे पळणं, जागोजागी मुतणं, मारामाऱ्या सुरूच. आणि कॅन्सरचा धोका ज्या गोळीत होता, तीच आत राहिली. पुढच्या मालकाला किंवा पुढच्या डॉक्टरला वाटतं, याचं तर झालंय. पाळलेला असो की रस्त्यावरचा, एक गोळी सापडत नसेल तर ती शोधूनच ऑपरेशन पूर्ण व्हायला हवं. जुना कुत्रा दत्तक घेतलाय आणि शंका आहे, तर रक्ताच्या हार्मोन तपासणीतून आत वृषण उरलंय का ते कळू शकतं.

ऑपरेशननंतर काढलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. दोन असायला हव्यात. यात अविश्वास नाही, बैलगाडीला दोन्ही चाकं आहेत का बघण्यासारखंच आहे. मोठ्या वयात काढली असेल आणि गोळी सुजलेली दिसत असेल, तर ती तपासायला प्रयोगशाळेत पाठवा.

मग कोणत्या वयात?

इथे माहिती थोडी बदलली आहे, म्हणून लक्ष द्या. पूर्वी सरसकट सांगायचे, सहा महिने झाले की करून टाका. पण कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर अभ्यास छापले. त्यात दिसलं की अनेक मोठ्या जातींत वर्षाच्या आत निर्बीजीकरण केलं तर सांध्यांचे त्रास, म्हणजे कंबरेच्या सांध्याचा बिघाड किंवा गुडघ्याची दोरी तुटणं, वाढतात. लहान जातींत हा परिणाम सहसा दिसला नाही. कारण सरळ आहे. हाडांची वाढ थांबवायचा इशारा देण्यात याच हार्मोनचा वाटा असतो.

आता मघाचा हिशोब आठवा: तरुणपणी गाठीचा धोका लहान असतो. त्यामुळे पॉम किंवा छोट्या जातीचा कुत्रा असेल तर सहा महिन्यांनंतर कधीही करता येईल. लॅब किंवा जर्मन शेफर्ड असेल तर वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायचं की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. फक्त "थांबू" चं "राहू दे" होऊ देऊ नका. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाका, आत्ताच.

आणि कुत्रा आधीच सहा-सात वर्षांचा असेल तर? तरीही उशीर झालेला नाही. आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा, मग ठरवा. गाठ लहान आणि पसरलेली नसेल, रक्त ठीक असेल, तर काढल्यावर बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. गळलेले केससुद्धा काही महिन्यांत परत येतात.

ज्याच्या दोन्ही गोळ्या खाली आहेत, त्याचं काय?

त्याच्यासाठी गणित वेगळं आहे, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वृषणाच्या कॅन्सरपासून वाचवायला धडधाकट कुत्रा खच्ची करणं, हे एकटं कारण फार जोरदार नाही. तिथे गोळी हाताला लागते, गाठ आली तर दिसते, तेव्हा काढता येते. उलट, खच्ची केलेल्या नरांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं जास्त सापडलंय, अर्थात तो कॅन्सर मुळातच कमी होतो. वय वाढल्यावर साधी प्रोस्टेटची सूज मात्र खच्ची कुत्र्याला होत नाही. म्हणजे निर्बीजीकरण ही कॅन्सरवरची जादूची कांडी नाही. त्याची कारणं वेगळी आहेत: नको असलेली पिल्लं, मारामाऱ्या, रस्त्यावर गाडीखाली येणं.

आणि आपल्याकडे अजून एक कारण आहे. मोकाट हिंडणाऱ्या कुत्र्यांच्या लिंगावर किंवा योनीवर फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ बघितलीय? तो संसर्गाने पसरणारा कॅन्सर आहे. हो, खरंच. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात सुरू झालेल्या कॅन्सरच्या पेशीच मिलनातून एका कुत्र्यातून दुसऱ्यात जात आजवर जगल्या आहेत. माणसाला तो होत नाही. विनक्रिस्टिन नावाच्या औषधाने बहुतेकदा बरा होतो. पण जो नर माद्यांमागे गावभर फिरत नाही, त्याला तो होण्याची शक्यताच कमी.

"एका गोळीवर पिल्लं होतात की!"

होतात. हाच तर घोळ आहे. एक गोळी खाली असलेला कुत्रा सहसा बाप होऊ शकतो. म्हणून "चांगल्या रक्ताचा आहे, दोन माद्या लावून घेऊ, पैसे वसूल होतील" हा मोह होतो. पण हा दोष आनुवंशिक आहे. बाप देतो, आणि आईसुद्धा देते. आईला गोळ्याच नाहीत, त्यामुळे तिच्यात दोष दिसत नाही, पण ती वाहून नेते. दिसणारा दोष फक्त मुलग्यांत. म्हणूनच जगभरच्या डॉग शोच्या जातिमानकांत एक ठरलेली अट असते, नराची दोन्ही वृषणं पूर्ण उतरलेली हवीत. आज एका पिल्लामागे मिळालेले पैसे उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी घरातलं ऑपरेशन असतं.

घरच्यांना कसं सांगायचं?

"कायले कापता" याला मी उलट प्रश्न विचारतो. आपल्याकडे बैल बडवायला कोणी नाही म्हणालं का? जुन्या पद्धतीने बडवताना बैल किती ओरडायचा, ते आजोबांना विचारा. कुत्र्याचं ऑपरेशन भूल देऊन होतं, वेदनेची औषधं मिळतात. मग पाप कुठलं जास्त?

"राखण करणार नाही" असं म्हणतील. भुंकणं आणि घर-शेत ओळखणं हे गोळीतून येत नाही, सवयीतून आणि नात्यातून येतं. हिंडणं कमी होतं, म्हणजे उलट तो शेतावर जास्त थांबतो. "लठ्ठ होईल" हे मात्र अर्धं खरं आहे. भूक वाढते आणि गरज कमी होते, म्हणून भाकरी थोडी कमी करा, फिरवणं तेवढंच ठेवा.

जायचं कुठे?

सुरुवात जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून करा. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, तो सेव्ह करा. पोटातल्या गोळीचं ऑपरेशन प्रत्येक ठिकाणी होत नाही, त्यामुळे आमच्या भागातले लोक बुलढाण्याला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करतात. गुंतागुंत असेल तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरच्या माफसू विद्यापीठाची. जाण्याआधी फोन करून एवढं विचारा: सोनोग्राफी आहे का, पोटातलं वृषण काढता का, कोणत्या दिवशी, उपाशी किती तास ठेवायचं, एकूण खर्च किती.

आणि शेवटचं काम, हे ऐकून झाल्यावर लगेच करायचं. घरात, शेतात, शेजारी जो नर कुत्रा आहे, त्याला जवळ घ्या, कान खाजवा आणि मोजा. दोन असतील तर त्याला एक बिस्कीट द्या. एक असेल तरी द्या, आणि डॉक्टरांना फोन लावा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात बोलू मादी कुत्रीच्या ऑपरेशनबद्दल आणि गर्भाशयात पू होणं म्हणजे काय याबद्दल. तोवर, काळजी घ्या, तुमचीही आणि त्याचीही.